फोटो रोज मिळतात, पण मुलाला वाचता येतं का?

पत्र: ‘मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. पट ३८. पालकांच्या गटावर रोज वर्गातल्या उपक्रमांचे फोटो टाकते, महिन्याच्या सुरुवातीला अभ्यासक्रमाची यादी पाठवते. संध्याकाळचा तास-दीड तास त्यातच जातो. तरी परवाच्या पालकसभेत एका वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, “फोटो छान असतात बाई, पण माझ्या मुलाला धड वाचता येत नाही हे मला आज कळतंय. आधी का नाही सांगितलंत?” मला उत्तर सुचलं नाही. दोन-तीन घरांत मुलांना पुढचं आधीच शिकवून टाकतात. एक आई रोज रात्री “आज कसा होता?” विचारते. काही घरांतून कधीच काही येत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, एखादं ॲप घेऊ. पालकांना नेमकं काय, किती आणि कधी सांगायचं?’ — दुसरीच्या बाई

उत्तर:

बाई,

त्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे. तुमची मेहनतही कमी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय. तुम्ही रोज पाठवता ती वर्गाची खबर. त्यांना हवी आहे त्यांच्या मुलाची. फोटोत मूल चिकणमातीचा हत्ती हातात धरून हसताना दिसतं. वाचताना ते कुठे अडतं हे कुठल्याच फोटोत येत नाही. अभ्यासक्रमाची यादी तर आणखी फसवी. ‘या महिन्यात: जोडाक्षरे, दोन अंकी वजाबाकी’ असं वाचलं की पालक धरून चालतात, महिना संपला म्हणजे आपल्या मुलाला हे आलं. शिकवून होणं आणि मुलाला येणं यांत कधीकधी दोन-तीन महिने जातात, आणि ते साहजिक असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मग प्रगतिपत्रक हातात पडलं की धक्का बसतो.

तेव्हा पहिलं काम, कमी करा. रोजचे फोटो बंद. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन-तीन फोटो पुरे, तेही मुलं काय शिकताहेत ते एका ओळीत लिहून. कुणी कुरकुर केली तर करू द्या. पंधरा दिवसांत त्यांनाही दुसरं चांगलं काही मिळायला लागेल.

आता त्या ‘दुसऱ्या चांगल्या’बद्दल. एका मुलाबद्दल पालकाला चार गोष्टी कळायला हव्यात: त्याला काय आपलं आपण जमतं, सध्या कुठे अडतंय, त्यावर वर्गात काय चाललंय, आणि घरी काय करायचं. शेवटच्याचं उत्तर पुष्कळदा ‘काही नाही’ असं असेल आणि तेही लिहावं, नाहीतर पालक आपल्या मनाने काहीतरी सुरू करतात. हे सगळं चार-पाच वाक्यांत बसतं. उदाहरणार्थ:

‘ओळखीचा परिच्छेद न थांबता वाचते. नवीन परिच्छेदात जोडाक्षर आलं की अर्धं अक्षर पूर्ण म्हणते: रस्ता हा शब्द रसता, पुष्कळ हा शब्द पुषकळ. रोज सकाळी दहा मिनिटं चौघींच्या गटात आम्ही फक्त असे शब्द वाचतोय. घरी एकच करा, ती अडखळली की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा, मग मदत करा.’

आता याच मुलीबद्दल नेहमीच्या भाषेत काय लिहिलं जातं ते बघा: ‘वाचन समाधानकारक. सराव आवश्यक.’ हे वाचून आई काय करणार? सराव म्हणजे तिच्या लेखी रोज एक धडा मोठ्याने वाचून घेणं आणि प्रत्येक चुकीला टोकणं. मुलगी आठ दिवसांत पुस्तकालाच कंटाळेल. ‘हुशार आहे’, ‘चंचल आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘प्रयत्न कमी पडतात’ हे शब्द चिठ्ठीत येऊ लागले की लेखणी थांबवा आणि स्वतःला विचारा, मी असं काय पाहिलं म्हणून हे लिहितेय? जे पाहिलं तेच लिहा. ‘लक्ष देत नाही’ याच्या जागी ‘दोन सूचना एकदम दिल्या की पहिली करते, दुसरी विसरते, एकेक दिली की दोन्ही करते’ असं लिहिलं, तर घरी त्याचा उपयोग आहे. आईलाही आठवतं की दप्तर भर आणि डबा आण म्हटलं की डबा राहतो.

वेळेचा हिशेब मांडू, कारण तिथेच चांगले बेत कोसळतात. अडतीस मुलांना एका दिवशी चिठ्ठ्या लिहायला बसलात तर एकेकाला पाच मिनिटं धरली तरी तीन तासांच्या वर गेलं, आणि विसाव्या चिठ्ठीपासून सगळ्या सारख्या होतात. त्याऐवजी रोज दोन मुलं. १९ शाळेच्या दिवसांत, म्हणजे साधारण चार आठवड्यांत, वर्ग पुरा होतो आणि दिवसाला दहा मिनिटं लागतात. ज्यांना जड जातंय अशी पाच-सहा मुलं असतील त्यांच्यासाठी महिनाभर थांबू नका. दर शुक्रवारी त्यांतल्या तिघांना एक जादा चिठ्ठी द्या, म्हणजे त्या घरांना पंधरा दिवसांनी खबर मिळत राहील. आज कोणाची पाळी आहे ते सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात किंवा तुमच्या टेबलावर आद्याक्षरांनी लिहून ठेवा. त्या दिवशी त्या दोघांकडे जरा जास्त बघायचं: वाचनाच्या तासाला दोन मिनिटं जवळ बसून ऐकायचं, गणितात एक उदाहरण करताना डोकावायचं. पाहिलं त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत ‘रस्ता’चा ‘रसता’ डोक्यातून गेलेला असतो आणि ‘सराव आवश्यक’ तेवढं उरतं.

शंभरपानी एक वही घ्या, प्रत्येक मुलाला दोन पानं. चिठ्ठीत जे कळवलं त्याची तारखेसह एक ओळ त्यात उतरवा, पालकांनी काही सांगितलं तर तेही. महिनाअखेरीला पानं उलटली की एक गोष्ट हमखास दिसते: गडबड करणाऱ्यांच्या आणि पहिल्या पाचांच्या पानांवर खूप नोंदी, मधल्या पंधरा-वीस जणांच्या पानांवर जवळजवळ काही नाही. शांत बसणारं, वेळेवर वही देणारं, कुणाला त्रास न देणारं मूल आपल्या नजरेतून सहज सुटतं. त्या वडिलांचा मुलगा याच मधल्यांतला असावा असा आमचा अंदाज आहे. अशी मुलं पाठ झालेला धडा बोट ठेवून घडाघडा ‘वाचतात’ आणि कळत नाही. तपासायचं सोपं आहे: न पाहिलेला, साधारण शंभर शब्दांचा उतारा द्या. दहाहून जास्त शब्दांना अडखळलं तर तो उतारा त्याला आज जड आहे. चार-पाच शब्दांपुरतं अडलं तर मदतीने चालेल. हा आकडा पालकांनाही सांगा, गोष्टीचं पुस्तक निवडताना त्यांनाच उपयोगी पडतो.

गुण आणि शेऱ्यांबद्दल थोडं. वहीत दहापैकी सहा आणि खाली दोन ओळींचा शेरा असेल तर घरी वाचला जातो तो सहाचा आकडा. मुलांचंही तेच. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. सोबत गुण आले की शेऱ्याचा उपयोग उरला नाही. शाळेच्या नियमाने जिथे गुण द्यावे लागतात तिथे द्या, पण रोजच्या वहीत आणि चिठ्ठीत टाळा. त्याऐवजी तीन पायऱ्या वापरा: ‘आपलं आपण करतो’, ‘आठवण दिली की करतो’, ‘सोबत बसलं की करतो’. यात कुणाला कमी लेखलेलं नाही, आणि पुढची पायरी कोणती ते न सांगता कळतं. वर्षाच्या सुरुवातीलाच या तिन्हींचा अर्थ एकदा कळवा. ‘सोबत बसलं की करतो’ म्हणजे नापास, असा अर्थ घरी लावला जाऊ शकतो.

शब्दांपेक्षाही पटणारी गोष्ट म्हणजे मुलाचंच काम, दोन वेळचं, शेजारी शेजारी. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांकडून एका सोप्या विषयावर पाच-सहा वाक्यं लिहून घ्या, ‘माझ्या घरातलं माणूस’ असं काहीही. दर आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा तोच विषय, तेवढाच वेळ, तसलाच कागद. विषय बदललात तर तुलना फसते, कारण आवडीच्या विषयावर मूल एरवीही जास्त लिहितं. यात चार पथ्यं. कागदावर तारीख हवी. लाल शाईने एकही दुरुस्ती नको. दुरुस्त केलेला कागद बघताना पालक लाल खुणा मोजतात, मुलाचं वाक्य वाचत नाहीत. खोडरबर द्यायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे, म्हणजे मुलाने स्वतः काय सुधारलं ते दिसतं. आणि कोपऱ्यात लिहायचं, ‘स्वतः’ की ‘मदतीने’. मुलगा पहिल्या कागदावर तीन शब्द सुटे लिहितो आणि तिसऱ्यावर काना-मात्रा चुकत का होईना, पाच पूर्ण वाक्यं लिहितो, तेव्हा पालकांना समजावून सांगायला फार काही उरत नाही. उलटही होतं: तीन कागद सारखेच दिसतात. तेही लपवायचं नाही. तुमच्यासाठीच ती सर्वांत आधीची धोक्याची खूण असते.

घरी आधीच शिकवून टाकणाऱ्या पालकांवर रागावू नका. तुम्ही काय, कसं आणि कोणत्या क्रमाने शिकवणार आहात हे त्यांना माहीतच नसतं, म्हणून ते स्वतः शिकले तसं शिकवतात. वजाबाकीचंच घ्या. ५२ मधून २७ वजा करताना दुसरीतली बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात, मग पाचातून दोन, झालं ३५. तुम्ही दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देऊन एक गठ्ठा सोडवायला लावता, तेव्हा मुलाला हळूहळू कळतं की बावन्न म्हणजे चार गठ्ठे आणि बारा सुट्याही. एवढ्यात घरी कुणीतरी ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ शिकवलं की उत्तर लगेच बरोबर येतं आणि घरचे खूश होतात. चार दिवसांनी ५७ वजा २३ आलं की तेच मूल गरज नसताना उसना घेतं, सतरातून तीन चौदा, चारातून दोन दोन, आणि ‘२१४’ लिहून मोकळं होतं. सत्तावन्नातून काढून दोनशे चौदा उरले, यात त्याला काहीच खटकत नाही.

हे टाळायचं तर नवा घटक सुरू करण्याच्या दोन-तीन दिवस आधी सगळ्या वर्गासाठी एक छोटी सूचना पाठवा, सव्वाशे-दीडशे शब्दांची. पुढचे तीन आठवडे काय शिकतोय, कशाच्या मदतीने, या काळात कुठल्या चुका होणं साहजिक आहे, आणि घरी काय करू नये. ‘५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं तर घाबरू नका, काड्या मोजून दाखव म्हणा. उभी मांडणी आम्ही तिसऱ्या आठवड्यात घेणार आहोत, तोवर घरी नको.’ चूक आधीच सांगून ठेवली की ती दिसल्यावर पालक चिडत नाहीत. उलट, बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं म्हणून विश्वास बसतो. एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणं, ‘शि’ आणि ‘शी’ची सरमिसळ, ६ आणि ९ ची उलटापालट, असल्या गोष्टीही या सूचनेत येऊ द्या. महिन्याच्या यादीची जागा ही सूचना घेईल. पंधरवड्यातून एक पुरे.

गृहपाठाबरोबर लांबलचक सूचना पाठवण्याची गरज नाही. त्यापेक्षा घरी विचारायचा प्रश्न पाठवा. ‘आज काय शिकलास?’ याला जगभरातली मुलं ‘काही नाही’ म्हणतात. ‘गठ्ठा कधी सोडायचा ते मला दाखव’ म्हटलं की मूल काड्या शोधायला उठतं. त्यासाठी शाळा सुटण्याआधीची पाच मिनिटं राखून ठेवा. शेजारच्याला एका वाक्यात सांगायचं, आज मला काय नवीन जमलं. तोंडून एकदा निघालेलं वाक्य घरी पुन्हा निघतं.

आता त्या वडिलांना आधी का कळलं नाही, याकडे येऊ. बहुतेक शिक्षक अप्रिय बातमी लांबवतात, कारण ‘अजून थोडं बघू’ असं वाटतं. आमचं मत स्पष्ट आहे: वर्गात तीन आठवडे काही करून बघितलं आणि फरक नाही, की चौथ्या आठवड्यात घरी कळलंच पाहिजे. पालकसभेत कुणालाही पहिल्यांदा काही कळता कामा नये. सभेत फक्त आधीच माहीत असलेल्यावर बोलणं व्हावं. अशी बातमी लेखी कधीच देऊ नका. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, आणि रात्री दहा वाजता ते वाचणारा माणूस सकाळपर्यंत कोणाला विचारूही शकत नाही. फोन करा किंवा भेटायला बोलवा, आठवड्याच्या मधल्या वारी. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नको. भेटीला बोलावताना विषय आधीच सांगा, ‘वाचनाबद्दल बोलायचंय, घाबरण्यासारखं काही नाही.’ नुसतं ‘उद्या येऊन भेटा’ असं कळवलं तर मुलाची त्या रात्रीची झोप गेलीच समजा.

बोलण्याचा क्रम असा ठेवा. आधी त्यांना विचारा, घरी वाचताना तुम्हाला काय दिसतं? मग तुम्ही पाहिलेलं सांगा, वही समोर ठेवून. मग काय काय करून बघितलं ते. मग पुढचे चार आठवडे तुम्ही काय करणार आणि त्यांनी काय करायचं, प्रत्येकी एकच गोष्ट. आणि पुन्हा बोलायची तारीख. ती तारीख ठरवल्याशिवाय फोन ठेवू नका. आजाराचं किंवा अडचणीचं नाव आपण घ्यायचं नाही, ते तपासणाऱ्यांचं काम. पण एक सुचवायला हरकत नाही, उलट ते आधी सुचवावंच: डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरून उतरवताना अक्षरं गाळणारं मूल पुस्तकातलं जवळून नीट वाचत असेल, तर दोष बहुधा नजरेचा. मागून हाक मारली की ओ न देणारं, सूचना झाल्यावर शेजाऱ्याच्या वहीत बघून कामाला लागणारं मूल आळशी ठरवण्याआधी कान बघायला हवेत.

एक गोष्ट प्रत्येक चिठ्ठीच्या आधी मनात आणा: हे वाचून आज संध्याकाळी त्या घरी काय होईल? काही घरांत शाळेतून आलेल्या तक्रारीची किंमत मुलाला मार खाऊन मोजावी लागते. अशी शंका असेल तर वागणुकीबद्दल काहीही लिहून पाठवू नका. शाळेत बोलवा, आणि बोलण्यात शिक्षेला जागाच ठेवू नका: ‘शाळेत जे घडलं त्याचं आम्ही शाळेतच मिटवलंय, घरी पुन्हा काढू नका.’ मुलाच्या पाठीमागे चिठ्ठ्या जाऊ नयेत, हेही तितकंच महत्त्वाचं. पाठवण्याआधी चिठ्ठी मुलाला वाचून दाखवा. ‘हे बरोबर लिहिलंय का मी?’ असं विचारलं तर सात वर्षांचं मूलही दुरुस्ती सुचवतं, आणि पुष्कळदा ती दुरुस्ती तुमच्या निरीक्षणाहून नेमकी असते.

नुसत्या तक्रारी नकोत, तसा नुसता गोडवाही नको. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या उन्हाळी वर्गांतल्या विद्यार्थ्यांच्या घरी आठवड्याला शिक्षकांचं एकच वाक्य पाठवलं जाई. अनुत्तीर्ण होण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं, आणि ‘काय छान चाललंय’ सांगणाऱ्या वाक्यांपेक्षा ‘काय सुधारायला हवं’ सांगणाऱ्या वाक्यांचा परिणाम जास्त दिसला. ती मुलं माध्यमिकची होती, त्यामुळे आकडे दुसरीच्या वर्गाला तसेच लावू नयेत. पण आठवड्याला एक वाक्य एवढ्याशा कामाने फरक पडतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पालकसभेचं वेळापत्रक बदला. सगळ्यांना एकत्र बसवून एकेकाच्या मुलाबद्दल बोलणं बंद. परवाचा प्रसंग त्यातूनच उभा राहिला. एकत्र सभेत फक्त वर्गाचं बोला, वीस मिनिटं. मग प्रत्येकाला दहा मिनिटांची वेळ द्या. अडतीस जणांचे सहा तास वीस मिनिटं होतात, तेव्हा तीन दिवसांत वाटा, आणि दर पाच जणांनंतर दहा मिनिटं मोकळी सोडा, कारण एखादं बोलणं लांबतंच. टेबलाच्या पलीकडे बसू नका. कोपऱ्याला बसलं की वही दोघांना सुलट दिसते. पहिली दोन मिनिटं त्यांची, मधली पाच वहीची, शेवटची तीन ठरवण्याची. मूल बरोबर असेल तर सुरुवातीला त्यालाच दोन पानं दाखवू द्या, एक आवडलेलं आणि एक अवघड गेलेलं. ते कोणतं पान ‘अवघड’ म्हणून काढतं, त्यावर लक्ष ठेवा. वाढलेल्या वेळेत लगेच काही सुटणार नसेल तर ‘यासाठी वेगळी वेळ घेऊ’ म्हणा आणि तारीख द्या.

गटाचे नियम थोडक्यात. गट एकतर्फी ठेवा, फक्त शाळेने लिहायचं. एका मुलाबद्दलचं काहीही गटावर नाही, कौतुकही नाही, कारण एकाचं कौतुक आलं की सदतीस घरांत ‘तुझं का नाही?’ सुरू होतं. नाव दिसेल असा वहीचा फोटो नको. मुलांचे चेहरे दिसणाऱ्या फोटोंसाठी आधी लेखी परवानगी, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं मूल मागून उभं केलेलंही दिसता कामा नये.

रोज रात्री विचारणाऱ्या आईला तुम्ही आजवर उत्तर देत आलात, म्हणून ती विचारते. उत्तरांची वेळ ठरवा, समजा शाळा सुटल्यावरचा अर्धा तास, आणि ती सगळ्यांना कळवा. तातडीचं असेल तर कार्यालयात फोन. त्यानंतर रात्री एकदाही उत्तर देऊ नका. एका अपवादाने नियम मोडतो. पण त्या आईला काहीतरी वाटतंय, हेही खरं. तिला एकदा बोलवून विचारा की तिला नेमकी कशाची काळजी आहे. पहिला महिनाभर दर शुक्रवारी एक ओळ पाठवा. काळजीला ठरलेला दिवस मिळाला की रोजचे निरोप बहुधा आपसूक कमी होतात.

ज्या घरांतून काहीच येत नाही तिथे बेफिकिरी असेल असं धरून चालू नका. वाचता न येणं, शाळेच्या भाषेशी ओळख नसणं, रात्रपाळी, एकच फोन चौघांत, किंवा स्वतःच्या शाळेच्या कडू आठवणी, कारण काहीही असू शकतं. वर्षारंभी एका कागदावर विचारून घ्या: लेखी निरोप बरा की आवाजातला, कोणत्या वेळी, घरात अभ्यासाजवळ कोण बसतं. उत्तर आजी असेल तर निरोप आजीला. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांना एकच मजकूर, एकाच वेळी. आवाजातला निरोप चाळीस सेकंदांपेक्षा मोठा नको. आणि या घरांना पहिली खबर चांगली जाऊ द्या, खोटी नव्हे, नेमकी: ‘आज त्याने शेजारच्या मुलीला काड्या मोजायला शिकवलं.’ शाळेचा फोन म्हणजे तक्रारच, हा समज एका फोनने जात नाही, तिसऱ्या-चौथ्याला जातो.

राहिलं ॲप. मुख्याध्यापकांना सांगा, घेऊ, पण चार महिन्यांनी. तोवर वही आणि चिठ्ठ्या चालू द्या. चार महिन्यांत कोणती गोष्ट हाताने करताना वेळ जातो ते कळेल, आणि ॲप त्याच कामासाठी निवडता येईल. निवडताना हे बघा: आवाजातला निरोप जातो का, पालकांच्या साध्या फोनवर चालतं का, मुलांची माहिती कुठे साठते आणि वर्ष संपल्यावर ती पुसता येते का, आणि एका मुलाची नोंद दुसऱ्या पालकाला दिसत नाही ना. तारे, बिल्ले आणि क्रमवारी दाखवणारं असेल तर ते भाग बंद करता येतात की नाही हे आधी विचारून घ्या. येत नसतील तर ते ॲप नकोच.

त्या वडिलांना मात्र चार महिने थांबवू नका. या आठवड्यात फोन करा. मुलाकडून न पाहिलेला उतारा आधी वाचून घ्या, म्हणजे सांगायला नेमकं काही असेल. ‘तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं’ एवढं म्हणून थेट उताऱ्यावर या: शंभर शब्दांत किती अडले, कोणत्या प्रकारचे, उद्यापासून वर्गात काय करणार. आणि पुढच्या बोलण्याची तारीख.